याकूबभाई आणि तिळगुळाचा डबा

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी तोंडावर फेकायला नको. पोटापाण्यासाठीही मी तेच करते. दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या एका इन्शुरन्स कंपनीत गेली चौदा वर्षं मी गाड्यांचे क्लेम तपासते. 'गाडी उभी होती, खांबच येऊन आपटला' असं सहीनिशी लिहून देणारी माणसं रोज माझ्या टेबलावरून जातात. खरं बोलणारा दोन ओळी लिहितो आणि खोटं बोलणारा दोन पानं, हा माझा आडाखा सहसा चुकत नाही. मुरलीधर, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "मृणालिनी, तू देवळात गेलीस तर देवाकडेसुद्धा आयडी मागशील." मागेन. त्यात काय बिघडलं?

याकूबभाई मात्र दोन ओळीसुद्धा बोलत नाहीत, आणि तिथेच माझं गणित फसलं.

पण आधी पाटल्यांचं सांगते, कारण सगळं रामायण त्यांच्यावरून घडलं. माझी आई कोल्हापूरला शाळेत शिवण शिकवायची. बाबा लवकर गेले. मग घरातला एकेक दागिना सोनाराकडे गेला, कधी माझ्या कॉलेजसाठी, कधी भावाच्या. शेवटी उरल्या त्या दोन पाटल्या. त्यातल्या एकीला कडेला पोचा आहे, शिवणयंत्राच्या चाकावर आपटून आपटून पडलेला. तीन वर्षांपूर्वी आई गेली. मी इथून तिकीट काढून पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. भावानं रुमालात बांधलेल्या पाटल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, "तुझ्यासाठी ठेवायला सांगितल्यात." आईचं म्हणून माझ्याकडे जगात एवढंच आहे. एरवी त्या कपाटातून बाहेर निघत नाहीत.

त्या रविवारी निघाल्या. उम्म अल कुवैनला माझ्या मैत्रिणीकडे, स्मिताकडे, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. काळी साडी नेसले, पाटल्या घातल्या, आणि पहाटे उठून केलेल्या तिळाच्या वड्या कडीच्या स्टीलच्या डब्यात भरून घेतल्या. स्मिताकडे तिळगूळ इतका साठला होता की अर्ध्याहून जास्त वड्या तशाच परत आल्या.

परतताना केया म्हणाली, "बाबा, सनसेट फोटोज! प्लीज, जस्ट टेन मिनिट्स." केया आमची सोळा वर्षांची लेक. तिच्याशी मराठीत भांडलं तरी उत्तर इंग्रजीत येतं. आणि बाबाला तर निमित्तच हवं होतं. नोव्हेंबरात त्यानं सेकंडहँड फोर बाय फोर घेतली होती. जबल अलीच्या वेअरहाऊसमध्ये दिवसभर दुसऱ्यांचे ट्रक हलवणारा माणूस, स्वतःची मोठी गाडी आल्यापासून जमिनीवर नव्हता. फलज अल मुअल्लाच्या रस्त्यावर त्यानं डांबर सोडलं आणि गाडी वाळूत घातली.

"अहो, इथे नको. कुणीच नाहीये आसपास."

"फोर बाय फोर आहे, मृणालिनी. हिच्यासाठीच असते."

दुसऱ्या टेकाडाच्या खाली गाडी रुतली. ह्यांनी एक्सलेटर दाबला, चाकं गरागरा फिरली, मागे वाळूचा फवारा उडाला आणि गाडी वीतभर आणखी खाली गेली. पुन्हा दाबला. पुन्हा खाली. शेवटी दारं उघडली तर वाळूला घासत होती. गाडी अक्षरशः पोटावर बसली.

दुपारचे चार वाजले होते. थंडीचे दिवस, पावणेसहाला सूर्य बुडतो. फोनला मधूनच एखादी रेघ यायची. रुतलेल्या गाड्या ओढून काढणाऱ्या रिकव्हरीवाल्यानं सहाशे दिऱ्हम सांगितले, तेही 'दोन तासांनी, इन्शाल्ला'. "सहाशे म्हणजे चौदा हजार रुपये!" असं मी ओरडले, तेवढ्यात फोन कटला.

आणि तेवढ्यातच टेकाडावरून एक पिकअप उतरताना दिसली.

आता विचार करा. आम्ही कुणाला लोकेशन दिलं नव्हतं. रस्त्यावरून आम्ही दिसत नव्हतो. मग ह्या माणसाला कसं कळलं? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्याला एक तरी मेसेज येतो, मदतीला आले आणि लुटून गेले. खरा की खोटा देव जाणे, पण येतो. गळ्यातलं मंगळसूत्र मी पदराखाली सरकवलं. पाटल्यांचं काय करायचं?

आईच आठवली. उन्हाळ्यात एसटीनं मामाकडे जाताना ती दागिने चिवड्याच्या डब्यात तळाशी घालायची. म्हणायची, "चोर पर्स उघडतो, बॅग उघडतो. बाईच्या खाऊच्या डब्यात हात घालायला त्याला लाज वाटते." मी मागच्या सीटवर वाकले, पाटल्या उतरवल्या, डब्याच्या तळाशी सारल्या, वर वड्या रचल्या, कडी लावली. मुरलीधरला सांगितलं नाही. ह्या माणसाच्या पोटात तीळ भिजत नाही. कुणाला काय सांगून बसेल, नेम नाही.

पिकअप थांबली. दारावर पेंग्विनचं रंग उडालेलं चित्र. वाळवंटात पेंग्विन! आणि वास म्हणाल तर मासळीचा. आतून पन्नाशीचा एक माणूस उतरला. तोंडाला फडकं, फिका निळा शर्ट, पायात रबरी चपला. सलाम केला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "सब लोग उतर जाइए. सामान भी उतारिए."

सामान? सामान कशाला? माझी पाल आणखी जोरात चुकचुकली.

ह्यांनी मात्र पाहुणे आल्यासारखं सगळं भराभर उतरवायला सुरुवात केली. चटई, केयाची बॅग, पाण्याच्या बाटल्या, डबा. तोवर हा माणूस पुढच्या चाकाशी उकिडवा बसला, आणि मला फुस्स असा आवाज ऐकू आला. तो चाकातली हवा सोडत होता!

"अहो! हा टायर पंक्चर करतोय! बघताय काय? आपल्याला इथेच अडकवून ठेवायचा डाव आहे ह्याचा. पाकीट-बिकीट बाहेर काढू नका."

हे मी मराठीत बोलले, त्याला कळू नये म्हणून. त्यानं मान वर केली नाही. अंगठ्यानं टायर दाबून पाहत म्हणाला, "ताई, हवा काढल्याबिगर गाडी निघायची नाय. टायर पसरला पायजे, मग तो वाळूवर बसतो. ताठ टायर खालीच जाणार."

मराठी! चांगली कोकणातली, रत्नागिरीकडची. मुरलीधरचा चेहरा असा उजळला जसा काही सख्खा भाऊ भेटला. माझं उलट झालं. 'आपला माणूस' म्हणून जवळ येणारा जास्त घातक, हे मी नोकरीत शिकलेय. माझ्याकडे आलेले सगळ्यात मोठे बनावट क्लेम गोड मराठी बोलणाऱ्यांचेच होते. मी सरळ उलटतपासणी सुरू केली.

"तुम्ही इथे काय करत होता?"

"रविवारी सुट्टी असते. येतो."

"कशाला?"

"हेच." त्यानं दुसऱ्या चाकाची हवा सोडली. "थंडीत लोक फिरायला येतात. रुततात."

"आणि तुम्ही किती घेता?"

"काय नाय."

"काही नाही? मग तुम्हाला काय मिळतं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. फडक्यामुळे डोळेच दिसत होते. मग तो तिसऱ्या चाकाशी जाऊन बसला.

"आयडी दाखवता का जरा?"

"मम्मा!" केया किंचाळली. "ओ माय गॉड, स्टॉप!"

"पाकीट फॅक्टरीत राहिला," तो म्हणाला आणि खोरं घेऊन चाकामागची वाळू ओढायला लागला. पाकीट राहिलं म्हणे! लायसन्सशिवाय गाडी चालवतो आणि फुकट मदत करतो. मी मनातल्या मनात लाल पेनानं दोन खुणा केल्या.

पण काम मात्र असं करत होता की बघत राहावं. घाई नाही, धाप नाही. चारही चाकांमागे उतार काढला. आमच्याच गाडीतली पायपुसणी ओढून चाकांखाली सारली. पट्टा अडकवला. मुरलीधरला सांगितलं, "स्टेअरिंग सरळ. एक्सलेटर हळू, पोराला थोपटतो तसा. आणि एकदा सुटली की थांबायचा नाय. तिकडं कडक जमीन हाय, तिथवर सरळ जायचा. मध्ये थांबलात तर परत रुताल. यल्ला, चला!"

पिकअपनं ओढ दिली, गाडी एकदा कण्हली, सुटली आणि सैल झालेला पट्टा हुकातून गळून पडला. मुरलीधर न थांबता लांबवर कडक जमिनीकडे गेला, हॉर्न वाजवत, लग्नाच्या वरातीसारखा.

याकूबभाईंनी, म्हणजे तेव्हा मला नाव माहीत नव्हतं, आमचं सामान उचलून पिकअपच्या मागे ठेवलं. डबासुद्धा. माझ्या ओठांवर आलं होतं, डबा माझ्याकडे द्या. पण मी गप्प बसले. आपण ज्या वस्तूकडे सारखं बघतो तिच्याकडेच चोर बघतो, हे मला ठाऊक आहे ना! फार शहाणी मी.

"बसा ताई. तिकडं सोडतो."

"नको," मी म्हटलं. "आम्ही चालू."

"साडीत? वाळू मऊ हाय."

"चालू म्हटलं ना."

अनोळखी माणसाच्या गाडीत तरुण मुलीला घेऊन बसायचं? छे! मी काळी साडी घोट्यावर धरून केयाचा हात ओढत चालायला लागले. एक पाऊल पुढे, अर्धं मागे. केया रागानं लाल झाली होती. पिकअप आमच्या शेजारून हळू पुढे गेली. आम्ही पोचेस्तोवर वीस मिनिटं लागली असतील. पोचलो तेव्हा सामान आमच्या गाडीत भरलेलं होतं, मुरलीधर हात हलवत होता आणि पिकअप परत टेकाडामागे नाहीशी होत होती.

"काय माणूस आहे!" मुरलीधर म्हणाला. "याकूबभाई नाव. पैसे घेईनातच."

मी मागचं दार उघडलं. चटई होती. बॅग होती. बाटल्या होत्या.

"डबा कुठाय?"

"त्यांना दिला की!" हे एवढ्या आनंदात म्हणाले! "म्हटलं, पैसे नाही तर नाही, संक्रांत आहे, तिळगूळ तरी घ्या. केवढे खूश झाले! म्हणाले, शहरबानूला पाठवतो. बायको त्यांची. तिला तिळाची वडी फार आवडते. गावाला शेजारच्यांकडून संक्रांतीला यायची म्हणे."

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी वाळूत बसले आणि उजव्या हाताचं रिकामं मनगट डाव्या हातानं घट्ट धरून रडले. आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं, अगदी खरं सांगते. आणि ह्या वेळी मीच घालवली होती.

"मला सांगायचं तरी होतंस!" मुरलीधर म्हणाला.

"कशाला? तुम्ही तेही त्याला सांगितलं असतंत!"

मागोमाग गाडी घातली तर पुन्हा रुतली असती, आणि ह्या खेपेला काढायला कोण येणार होतं? नंबर ह्यांनी घेतला नव्हता. आडनाव विचारलं नव्हतं. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात फाइल तयार झाली होती. सामान उतरवायला लावलं, कशासाठी? डबा हातात घेऊन वजन करण्यासाठी. मी वाकून पाटल्या काढल्या ते त्यानं टेकाडावरून पाहिलं असणार. पैसे नाकारले, कारण मोठा हात मारायचा होता. पाकीट राहिलं, कारण नाव कळू द्यायचं नव्हतं. एकेक तुकडा बसत गेला. फाइल अशी नीट बसली की मला बरंच वाटायला लागलं, हे आता सांगताना लाज वाटते.

केयानं सगळ्या प्रकाराचा व्हिडिओ काढला होता, मैत्रिणींना दाखवायला. त्यात पिकअपच्या दारावरचा पेंग्विन स्वच्छ दिसत होता. स्मिताला पाठवला. तिचा लगेच मेसेज आला. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात बर्फाचा कारखाना आहे, मासळीबाजाराला बर्फ पुरवतो, त्याच्या भिंतीवर हाच पेंग्विन आहे.

सोमवारी रजा टाकली आणि सकाळी नऊला मी कारखान्याच्या ऑफिसात उभी होते, बरोबर मुरलीधर, मान खाली घालून.

मॅनेजर अर्सलान नावाचा हैदराबादी तरुण होता. मी माझं कार्ड टेबलावर ठेवलं. कंपनीचं कार्ड पाहून माणसं खुर्चीत सरळ बसतात, हा माझा अनुभव. तोही बसला. मी सांगितलं, "तुमच्या माणसाकडे माझं सोनं आहे. तुमच्या कंपनीची गाडी घेऊन तो काल वाळवंटात होता. मला हे सगळं लेखी हवंय, नाहीतर मी इथून सरळ पोलिसांत जाते."

"याकूबभाई?" अर्सलान म्हणाला. "मॅडम, एकोणीस साल से हैं यहाँ. आपको गलतफहमी हुई होगी."

"एकोणीस वर्षं चोरी पकडली गेली नाही, याचा अर्थ केली नाही असा होत नाही," मी म्हटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्यानं फोन केला. याकूबभाई आले. आज तोंडाला फडकं नव्हतं. पांढरी दाढी, पुढचा एक दात नाही, हात बर्फानं लाल झालेले. आम्हाला पाहून हसले. "अरे, साहेब! ताई! गाडी ठीक हाय ना? टायरात हवा भरलीत ना परत?"

"डबा कुठाय?" मी विचारलं.

त्यांचं हसू जरा थांबलं. "डबा? रूमवर हाय."

"आणा."

ते गेले. परत आले तेव्हा हातात एक पार्सल होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सगळीकडून चिकटपट्टी मारलेलं, वर जाड पेनानं लिहिलेलं, 'शहरबानू याकूब', आणि खाली गावाचं नाव. मी अर्सलानकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. पॅक करून तयार! देशाबाहेर पाठवायच्या तयारीत! माझी फाइल आता बंदच झाली होती, फक्त शिक्का मारायचा बाकी होता.

"हे कुठे चाललं होतं?"

"गावाला. झुबेर म्हणून आमच्या गावचा पोरगा बुधवारी जातो. त्याच्यासंगती. का, काय झाला?"

"उघडा."

त्यांनी खिशातला छोटा सुरा काढला, चिकटपट्टी कापली. मुरलीधरनं डबा देताना लावलेलं रबर डब्याच्या कडीला तसंच होतं. ते काढलं, झाकण उघडलं. वड्या जशा मी रचल्या होत्या तशाच, एकही कमी नाही. मी हात घातला, वड्या बाजूला केल्या आणि तळातून पाटल्या काढल्या.



मी काय केलं असेल? माफी मागितली असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही. मी पाटली उजेडात धरली आणि कडेचा पोचा शोधला. बदलून तर ठेवली नाही ना, हे बघायला. त्या माणसाच्या डोळ्यांदेखत! पोचा होता. आतला सोनाराचा छापही होता. मग मी पाटल्या हातात घातल्या, आणि अगदी हायसं वाटलं.

याकूबभाई माझ्याकडे बघत नव्हते. ते डब्याकडे बघत होते. चेहरा पांढराफटक पडला होता.

"ह्यात सोना होता?" ते अगदी हळू म्हणाले. "झुबेर हे घेऊन मुंबईला उतरला असता. कस्टमनं डबा उघडला असता तर? पोरगा म्हणाला असता, याकूबचाच्यानं दिला. मी काय सांगणार होतो? वाळूत गाडी काढली म्हणून एका साहेबानं दिला? कुणाला खरा वाटला असता?"

मला वाटलं नसतं. माझ्या टेबलावर असा क्लेम आला असता तर मी वाचून हसले असते.

"मला ठाऊक नव्हतं हो," मुरलीधर म्हणाला. "हिनं घाईत—"

"बरं झालं, मिळाल्या ना!" मी म्हटलं, त्यांचं बोलणं तोडत. मला तिथून पळायचं होतं. डबा उचलला, कडी लावली आणि निघाले. मागे अर्सलानचा आवाज ऐकू आला, "याकूबभाई, ज़रा रुकिए. गाड़ी की बात करनी है." मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

घरी येऊन डबा ओट्यावर ठेवला. पाटल्या हातातच होत्या. मी चहा टाकला, इतकी खुशीत होते की गुणगुणत होते. संध्याकाळी केया आली. तिनं डब्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मम्मा, यू टुक द तिळगूळ बॅक टू?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. कुणीतरी सणसणीत तोंडात मारावी तसं झालं. दिलेला तिळगूळ मी परत आणला होता! गोड बोला म्हणून देतात तो, माझ्या नवऱ्यानं त्या माणसाच्या हातात दिलेला, त्यानं बायकोच्या नावानं बांधून ठेवलेला. आमच्या सात पिढ्यांत असं कुणी केलं नसेल. त्या वड्या घरात कुणी खाल्ल्या नाहीत. मी पण नाही. टाकवतही नव्हत्या.

पुढच्या रविवारी मी नव्यानं तीळ भाजले, चांगला गूळ आणला, नव्या वड्या थापल्या आणि त्याच डब्यात भरल्या. मुरलीधर गाडी काढायला गेला. केयाही आली, फोन खिशात ठेवून.

अर्सलान गेटवरच भेटला. ह्या वेळी तो खुर्चीत सरळ-बिरळ बसला नाही, उभ्याउभ्याच बोलला. रविवारी याकूबभाई पिकअप घेऊन जातात, हे त्याला कायम ठाऊक होतं. मालकालाही असावं. डिझेल ते स्वतःचं भरायचे. कुणी विचारत नव्हतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं. "पर आपने लिखित माँगा, मॅडम. लिखा, तो ऊपर भेजना पड़ा." मालकानं चावी काढून घेतली होती. आता कामाच्या वेळेतच गाडी मिळते, गेटवर सही करून.

याकूबभाई कारखान्याच्या मागे, खाडीच्या बाजूला भिंतीच्या सावलीत बसले होते. फोन कानाला होता. "टायरची हवा काढा. नाय नाय, घाबरू नका. पंधरावर आणा. आता सगळे उतरा, सामान पण. मी नाय येऊ शकत, भाई. गाडी नाय आता. करा तुम्ही, होतंय." फोन ठेवला आणि आम्हाला पाहून उठून उभे राहिले. जागा करून दिली.

माफी मागायला मला नीट येत नाही. सवय नाही. तरी मागितली. अडखळत, पण सगळी मागितली, आयडीची, पोचा बघितल्याची, लेखी मागितल्याची, वड्या परत नेल्याची. ते ऐकत राहिले.

"तुम्ही का करता हे?" मी शेवटी विचारलं. ह्या वेळी तपासणी नव्हती, खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्यांनी खांदे उडवले. "आमच्या गावच्या खाडीत ओहोटीला होडी गाळात बसते. मग काठावर जो असेल तो उतरतो आणि खांदा लावतो. कुणाची होडी, कोण विचारत नाय. आमचा बाप बोलायचा, रुतलेल्याकडनं पैसा घेतला त्याच्या जाळ्यात मासा येत नाय. इथं आलो तेव्हा बघितला, होड्यांच्या जागी गाड्या. बाकी तोच गाळ."

त्यांच्या आयुष्याची एवढीच माहिती त्यांनी दिली. बाकी मी नंतर स्मिताकडून, अर्सलानकडून गोळा केली. चोविसाव्या वर्षी ते इथे आले ते मच्छीच्या होडीवर. पुढे बर्फाच्या कारखान्यात लागले. दोन वर्षांतून एकदा गावी जातात. मुलगी सफा नर्सिंगला आहे. आणि थंडीतल्या कितीतरी रविवारी त्या टेकाडांवर उभं राहून ते कुणाच्या चाकांमागून वाळूचा फवारा उडतो का, ते बघत असतात. तो फवारा लांबून दिसतो. आम्ही तिथे आहोत हे त्यांना कसं कळलं, याचं उत्तर एवढं सोपं होतं.

"याकूबभाई, रविवारी आमची गाडी घेत जा," मुरलीधर म्हणाला. मनापासून म्हणाला. "मी स्वतः आणून देईन."

"नको साहेब." ते लगेच म्हणाले. "गाडी तुमची. कुठं घासली, काय गेला त्यातनं, तर मी कुणाला काय सांगू?"

मी डबा पुढे केला. "तिळगूळ घ्या," एवढंच म्हटलं. पुढचे दोन शब्द कुठल्या तोंडानं म्हणणार होते?

त्यांनी हात पुढे केला नाही. दोन्ही हात मागे घेऊन पाठीशी बांधले.

"ताई, राग मानू नका," ते अगदी नम्रपणे म्हणाले. "आधी तुम्ही उघडा. सगळा बाहेर काढा. माझ्यासमोर."

केयानं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मुरलीधरनं गाडीतून वर्तमानपत्र आणून वाळूवर पसरलं. मी खाली बसले, कडी काढली आणि एकेक वडी कागदावर ठेवत गेले. पाटल्या हातात होत्या, त्या मधेच डब्यावर वाजल्या, तसे त्यांनी त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं, दोन्ही आहेत ना म्हणून. डबा रिकामा झाला. मी तो उपडा करून दाखवला, मग आत हात फिरवून दाखवला.

"खलास?" त्यांनी विचारलं.

"खलास," मी म्हटलं.

मग ते बसले, एक वडी उचलली, आणि बाकीच्या स्वतःच्या हातानं डब्यात भरायला लागले, शहरबानूसाठी.